मदत हवी आहे : पहाटेचा कोरोनरी स्पॅझम (हृदयाची धमनी अचानक आवळणं), त्यावरचं औषध डिल्टियाझेम वाढवायला जागा नाही

पेशंट पुरुष, वय ४७, मधुमेह नाही. पहाटे ४ ते ५ च्या दरम्यान छाती आवळल्यासारखी दुखते, दरदरून घाम सुटतो. दिवसा चार जिने चढून काही होत नाही. दुखत असताना एकदाच ईसीजी मिळाला: लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये (हृदयाचा खालचा भाग दाखवणाऱ्या) एसटी (आलेखाचा एक भाग) २ मिमी वर. जिभेखाली सॉर्बिट्रेट (धमनी सैल करणारं नायट्रेट) ५ मिग्रॅ दिल्यावर दहा मिनिटांत ईसीजीची पट्टी पूर्ववत. अँजिओग्राफीत उजव्या धमनीत जेमतेम २० टक्के अडथळा, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला झालेली इजा दाखवणारी रक्तचाचणी) दोन्ही वेळा नॉर्मल. त्यामुळे ‘अ‍ॅसिडिटी असेल’ हे उत्तर कृपया नको.

सिगारेट ३ महिने बंद. मायग्रेनचं प्रोप्रॅनोलॉल हळूहळू कमी करत थांबवलं (त्याने स्पॅझम वाढू शकतो), मायग्रेनचंच सुमाट्रिप्टानही बंद. सध्या डिल्टियाझेम एसआर (हळूहळू सुटणारं) ९० मिग्रॅ दोनदा आणि कोलेस्टेरॉलचं रोसुव्हास्टॅटिन. झटके आठवड्याला पाचांवरून दोनांवर आले, तिथेच अडलेत. संध्याकाळी सातचा डोस रात्री साडेदहाला सरकवून पाहिला, फरक थोडाच. २४ तास ईसीजी नोंदवणारं होल्टर लावलं, नेमका त्या रात्री झटका नाही!

अडचण अशी की नाडी ५४, पीआर (ईसीजीवर संकेत हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जायचा वेळ) २०० मिलिसेकंद, बीपी १०४/६६. डिल्टियाझेम वाढवलं तर हार्ट ब्लॉकची (हे संकेत अडण्याची) भीती.

अशा बीपीत रात्री आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट एसआर (लांब असरीचं नायट्रेट) ३० मिग्रॅ जोडावं, निकोरँडिल (हेही धमनी सैल करतं) द्यावं, की डिल्टियाझेम तसंच ठेवून त्याच गटातलं अ‍ॅम्लोडिपिन २.५? आणि नायट्रेट दिलंच, तर शरीराला सवय लागून असर कमी होऊ नये म्हणून दिवसा १०-१२ तास मोकळे सोडून पहाटे पाचपर्यंत असर पुरतो का?