महालक्ष्म्यांच्या आधी दोन खोल्यांचं घर सहा हजारांत नव्यासारखं करायचंय, सुरुवात कुठून करावी?

परभणी_गंगाखेड_रोड

घर जुनं आहे, विटांचं, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. बाहेरची खोली १० बाय १२, उंची १० फूट. न्हाणीघराला लागून असलेल्या १२ फुटी भिंतीला खालून अडीच फुटांपर्यंत लोणा लागलाय, डिस्टेंपरचे पोपडे पडायलेत. हात लावला की पांढरं पीठ निघतं. बोअरचं पाणी खारं आहे. फरशीचे सांधे काळे पडलेत, काही उखडलेत. पडदे उन्हानं विटलेत, पश्चिमेची खिडकी ४ बाय ४ ची आहे.

बजेट सगळं मिळून ६,००० रुपये. महालक्ष्म्या बसायला पंधरा-वीस दिवस राहिलेत. दुकानदार म्हणतो, प्लास्टिक पेंटचा एक डबा घ्या, सगळं झाकून जाईल. रंगातच पैसे घालावेत का? लोकांनी वस्तूंच्या लिंक देण्यापेक्षा नेमकं काय करायचं ते सांगावं.

रंगकाम_लातूर

दादा, ह्या पंधरा दिवसांत त्या भिंतीला रंगाचा ब्रश लावू नका. भादव्यात भिंत ओली असते. ओल जमिनीतून किंवा न्हाणीतून वर चढते, सोबत क्षार आणते, पाणी उडून जातं आणि क्षाराचे खडे रंगाच्या मागं फुगतात. पोपडा पडतो तो ह्यामुळं. प्लास्टिक पेंटनं भिंतीचा श्वास कोंडतो. दोन महिन्यांत फुगे येतात आणि ओल बंद जागेतून आणखी वर चढते, म्हणजे आज अडीच फूट आहे ते पुढं साडेतीन फूट दिसेल. आतून वॉटरप्रूफ सिमेंटचा थर दिला तरी हेच होतं.

आधी ओल कुठली ते बघा. जाड पॉलिथिनचा फूटभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट लावा, दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली. भिंतीतली निघाली तर न्हाणीतला नहाणी ट्रॅप (पाणी जायच्या जाळीखालचा भाग) आणि फरशी-भिंतीचा कोपरा तपासा. तो कोपरा फुटलेला असेल तर पहिले पैसे तिथं. नाहीतर बाकी सगळं वाया.

आत्ता एवढंच करा: सुटलेले पोपडे पत्रीनं (खरवडायच्या पातळ पट्टीनं) काढा आणि क्षार कोरड्या ब्रशनं झाडून सुपलीत भरून बाहेर टाका. ओल्या फडक्यानं पुसू नका, क्षार विरघळून परत भिंतीत मुरतो. भिंत उघडी राहू द्या. कपाट, दिवाण चार बोटं पुढं सरकवा म्हणजे मागून हवा खेळेल.

शिवण_आणि_सजावट

रंगकाम दादांचं बरोबर आहे. मग महालक्ष्म्यांपुरतं घर कापडानं बदला, त्यात सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त फरक दिसतो.

घरातली एक सुती साडी काढा, इरकल किंवा साधी काठाची. रेशमी नको, पश्चिमेच्या उन्हात रेशीम वर्षा-दीड वर्षात विरतं. साडी साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. ४ फूट उंच खिडकीला पडदा ५ फुटांचा हवा, वरची ३ इंचांची दुमड आणि खालची पट्टी धरून साडेपाच फूट कापायचा. एका साडीत असे तीन पट्टे निघतात. पन्हा ४५-४६ इंच असतो, दोन पट्टे लावले की साडेसात फूट रुंदी मिळते. चार फुटांच्या खिडकीला चुण्या नीट पडायला तेवढी लागतेच. एकच पट्टा ताणून लावला की पडदा चादर वाळत घातल्यासारखा दिसतो.

कापायच्या आधी साडी एकदा धुवून, वाळवून घ्या. सुती कापड आटतं आणि मग पडदा खिडकीच्या वर उरतो. पश्चिमेची खिडकी म्हणून मागं मांजरपाटाचं अस्तर द्याच, एप्रिल-मेच्या उन्हात त्याचा खरा उपयोग कळेल. अस्तर खालून साडीला शिवू नका, वरूनच जोडा. दोन्ही कापडं वेगवेगळी आटतात, खालून शिवलं तर फुगवटा येतो.

तिन्ही पट्ट्यांना वरची दुमड सारखीच ठेवा. महालक्ष्म्या बसतील तेव्हा तिन्ही एका दांडीवर ओवून त्यांच्या मागं लावा, खाली उघडी पडलेली भिंतही झाकेल. फक्त कापड भिंतीला टेकू देऊ नका, दोन-तीन इंच पुढं ठेवा, नाहीतर ओलीनं डाग पडतील. विसर्जन झालं की दोन पट्टे खिडकीला आणि उरलेला फडताळाला. दिवाणावर दुकानातली चादर घेण्याऐवजी चांगली वाकळ धुवून घाला. आपल्याकडच्या वाकळीच्या टाक्यांपुढं छापील चादर फिकी पडते, हे मी अगदी मनापासून सांगते.

फरशीवाला_जालना

सांधे आत्ताच होतात, पावसाची अडचण नाही. भिंतीलगतचे मात्र भिंत वाळल्यावर.

फरशीवर अ‍ॅसिड टाकू नका, कोणी कितीही सांगो. शहाबादी हा चुनखडीचा दगड. अ‍ॅसिड पडलं की फेस येतो, वरचा गुळगुळीत थर खाल्ला जातो आणि खरखरीत जागेत मळ दुप्पट धरतो. अर्ध्या बादली गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा, काथ्याच्या ब्रशनं घासा, दोनदा साध्या पाण्यानं पुसा. लोणा लागलेल्या भिंतीजवळ सोड्याचं पाणी साचू देऊ नका, सोडाही क्षारच आहे.

उखडलेले सांधे जुन्या पोलादी चमच्यानं किंवा खिळ्यानं पाव इंच खोल खरवडा. वरवर सिमेंट फासलं की महिन्याभरात पापुद्रा निघतो. धूळ झाडा, सांधा पाण्यानं ओला करा, पण पाणी उभं राहू देऊ नका. बारीक सांध्याला नुसतं सिमेंट चालतं. पाव इंचापेक्षा रुंद असेल तर एक भाग सिमेंटला एक भाग चाळलेली बारीक वाळू घाला, नुसतं सिमेंट रुंद फटीत आकसून तडकतं. फरशीच्या रंगाला मिळवायचं असेल तर किलोभर सिमेंटला ५० ग्रॅम काळा ऑक्साइड, कोरडाच आधी मिसळायचा. १०० ग्रॅमच्या वर गेलात तर सांधा कच्चा राहतो. भरल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी ओलसर फडक्यानं कडा पुसा, दुसऱ्या दिवशीपासून तीन दिवस गोणपाट ओलं करून त्यावर टाका. खारं बोअर वापरू नका, मिसळायला आणि गोणपाटाला पिण्याचं पाणी घ्या. हे पाणी लागतं किती, दोन घागरी.

परभणी_गंगाखेड_रोड

पॉलिथिनला थेंब भिंतीकडूनच आले. न्हाणीचा कोपरा फुटलेला आहे, तो आधी बुजवतो. मग दिवाळीआधी रंगाचं कसं करू? आणि किती माल आणू?

रंगकाम_लातूर

कोपरा झाला की पाऊस गेल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळू द्या, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. पॉलिथिन परत लावून बघा. थेंब आले नाहीत तरच पुढं.

त्या भिंतीला खालून तीन फूट चुनाच द्या. चुन्यातून ओल बाहेर पडते, थोडी राहिलेली असली तरी फुगा येत नाही. तेवढ्या ३६ चौरस फुटांना तीन हात द्यायला एक किलो कळीचा चुना पुरतो. लोखंडी पाटीत ५ लिटर पाणी घ्या, पाण्यात चुना थोडा थोडा सोडा, चुन्यावर पाणी ओतू नका, उकळून अंगावर उडतो. प्लास्टिकची बादली वितळते. डोळ्यांना चष्मा, पोरं लांब. २४ तास मुरू द्या, फडक्यातून गाळा, गरम पाण्यात विरघळवलेला २० ग्रॅम डिंक घाला. मीठ घालायची पद्धत आहे, तुमच्या भिंतीला ते नको. जुना डिस्टेंपर प्लास्टरपर्यंत खरवडलेला असला पाहिजे, त्यावर चुना धरत नाही. भिंत शिंपडून ओलसर करा, पहिला हात उभा, दुसरा आडवा, तिसरा परत उभा, प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. रंग हवा तर ५० ग्रॅम गेरू किंवा पिवडी (पिवळी माती) मिसळा, चुन्यात हे टिकतात, बाजारातले भडक रंग उडतात. वाळल्यावर रंग बराच फिका होतो, म्हणून आधी कोपऱ्यात वीतभर लावून बघा.

बाकी भिंती आणि छत मिळून दार-खिडकी वजा जाता पाचशे चौरस फुटांच्या आत बसतं. तिथं डिस्टेंपर द्या. दोन हातांना किलोमागं ६० चौरस फूट धरा, १० किलोची बादली पुरेल. खरवडा, १२० नंबरचा पॉलिश पेपर मारा, धूळ पुसा, प्रायमरचा एक हात द्या. डिस्टेंपरमध्ये किलोला अर्धा लिटर पाणी, जास्त घातलं की वाळल्यावर हाताला पांढरं लागतं. इथंही गोडं पाणी.

पैसे उरले तर दाराला ऑइल पेंट द्या, दोन्ही बाजूंनी दोन हात द्यायला पाऊण लिटर लागतो. पातळ करायला टर्पेंटाइनच घ्या, रॉकेल घातलं तर चकाकी जाते आणि आठवडाभर चिकट राहतं.