इफिसकरांस ५:२२ वाचता, मग ५:२१ का गाळता?

सदरची लेक
नागपुरातल्याच एका पॅरिशमध्ये (चर्चच्या स्थानिक विभागात) धाकट्या बहिणीचा विवाहपूर्व कोर्स झाला. बोलायला आलेल्या गृहस्थांनी बायबलमधलं संत पौलांचं इफिसकरांस पत्र उघडलं आणि थेट ५:२२ पासून सुरुवात केली: पत्नींनी पतीच्या अधीन असावं. मग आवाज खाली कसा ठेवायचा, सासूचं कसं ऐकायचं, नोकरीपेक्षा घर कसं मोठं, हेच चाललं. बहिणीनं हात वर करून २१ व्या वचनाबद्दल विचारलं, तर उत्तर मिळालं, "बाळा, स्त्रीवाद चर्चच्या बाहेर ठेवून ये."

२१ वं वचन सांगतं की ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन असा. एकमेकांच्या, म्हणजे दोघांनीही. १५ ऑगस्ट १९८८ च्या स्त्रियांविषयीच्या पत्रात पोप जॉन पॉल दुसरे यांनी २४ व्या परिच्छेदात याच उताऱ्याचा अर्थ लावलाय: पतिपत्नींमधली अधीनता एकतर्फी नाही, परस्परांची आहे. १९९५ मध्ये जगातल्या स्त्रियांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी समान कामाला समान वेतन मागितलं. स्त्रियांच्या अवहेलनेत चर्चच्या लेकरांचाही हात असेल तर त्याबद्दल खेद व्यक्त केला. हे पोपनं लिहिलंय, कुठल्या मोर्चातल्या पत्रकात नाही आलेलं. मग कोर्समध्ये ते का सांगत नाहीत?

"चर्च बदलत नाही" म्हणणाऱ्यांसाठी रावळपिंडीची गोष्ट. डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश डॉक्टर उतारवयात कॅथलिक झाल्या. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नाहीत आणि बाळंतपणात जीव गमावतात, हे कळल्यावर त्यांच्या खटपटीतून १९०९ मध्ये रावळपिंडीत बायकांसाठी दवाखाना निघाला. चालवायला सिस्टर्स हव्या होत्या. पण चर्चच्या नियमानं धर्मभगिनींना डॉक्टरकी आणि सुईणपण करायची मनाई होती! मॅक्लारेनबाईंनी रोमकडे अर्जांमागून अर्ज केले. १९१३ मध्ये त्या वारल्या, तोवर काही हललं नव्हतं. त्यांचंच काम ऑस्ट्रियाच्या अ‍ॅना डेंगेल यांनी उचललं. डॉक्टर होऊन त्या रावळपिंडीला आल्या आणि १९२५ मध्ये त्यांनी वैद्यकीय सेवेसाठी बायकांचा संघ काढला. मनाई उठली १९३६ मध्ये. आज मिशनच्या दवाखान्यात सिस्टर बाळंतपण करते, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. या दोघींनी चर्च सोडलं नाही आणि मागणंही सोडलं नाही. कॅथलिक स्त्रीवाद म्हणजे माझ्या लेखी हेच.

मोहननगरचे काका
बेटा, २१ वं वचन गाळणं चूकच. मीही असे कोर्स घेतलेत आणि ते वाचल्याशिवाय पुढं जात नाही. पण तू २३ वं गाळतेस. पती पत्नीचं मस्तक आहे, हेही त्याच पौलांनी लिहिलंय. १९३० च्या विवाहावरच्या परिपत्रात पोप पायस अकरावे यांनी पतीला मस्तक आणि पत्नीला हृदय म्हटलं. नवरा आपलं कर्तव्य करत नसेल तर घर चालवण्याची जबाबदारी पत्नीकडे येते, हेही तिथंच आहे. मस्तक असणं म्हणजे हुकूम सोडणं नव्हे. ख्रिस्तानं चर्चसाठी जीव दिला तसा द्यायचा. ती जबाबदारीच काढून घेतली तर आधीच घरातून अंग काढून घेणाऱ्या पुरुषाला आयतंच निमित्त मिळेल.

दुसरं, आजचा स्त्रीवाद गर्भपाताला हक्क म्हणतो. त्या झेंड्याखाली कॅथलिक मुलीनं उभं राहावं, हे मला मान्य नाही.

सदरची लेक
काका, गर्भपाताबाबत मी चर्चसोबतच आहे. पण पोटातल्या मुली वाचवायला इथं आधी कोण उठलं? गर्भलिंगचाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानं केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. त्यासाठी स्त्रीवादी कार्यकर्त्याच झगडल्या. सगळं पटत नसलं तरी जिथं पटतं तिथं सोबत चालता येतं. आणि १९३० च्या पत्रावर १९८८ चं पत्र आलंय ना?

जरीपटक्याची आई
वचनांवर तुम्ही बोला, मी वॉर्डातलं सांगते. नर्स आहे. मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवत नाही, रोज माळ म्हणते. कोर्समध्ये नैसर्गिक कुटुंबनियोजन शिकवतात, तक्ता देतात, सुरक्षित दिवस मोजायला लावतात. ज्या घरात नवरा समजूतदार आहे तिथं हे चालतंही. पण पिऊन आलेल्या माणसाला "आज दिवस बरोबर नाही" सांगून पाहा! चौथ्या खेपेला आलेल्या, अंगात रक्त नसलेल्या बाईला मी काय सांगू? गर्भनिरोधक साधनांना मनाई करणाऱ्या १९६८ च्या परिपत्राआधी पोपनीच नेमलेल्या आयोगाच्या बहुमतानं बदल सुचवला होता, तो त्यांनी स्वीकारला नाही. त्याच परिपत्रात पोप पॉल सहावे यांनी असंही बजावलंय की साधनांची सवय लागली तर पुरुष बायकोला भोगाचं साधन मानू लागेल. अहो, साधनाशिवायही मानतोच की! संयम शिकवायचाच तर आधी त्याला शिकवा. पाठ ऐकते ती बाई आणि परीक्षाही तिचीच.

कामठीकर
मी बी असाच कोर्स करून आलो. पोरींले बाविसावं वचन समजावून सांगून राहिले होते. आमाले पंचविसावं, म्हणजे बायकोसाठी स्वतःले अर्पण करायचं ते, नुसतं वाचून दाखवलं न् पुढं गेले. अर्पण म्हणजे काय करायचं? रात्री लेकरू रडलं तर कोण उठन? पगार कोणाच्या हाती? हे काहून नाही विचारत आमाले? काका म्हणतेत ती जबाबदारी पाहिजेच, पण ती शिकवून नाही राहिलं कोणी.

इंदोऱ्यातून
मी कॅथलिक नाही, तरी राहवत नाही म्हणून लिहितो. याच नागपुरात २० जुलै १९४२ ला दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असं बाबासाहेब तिथं म्हणाले. बायकांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्व बंद करा म्हटलं. त्यांच्या मागण्या त्यांनीच मांडल्या, त्यांनीच मंजूर केल्या.

तुमच्याकडे मागणाऱ्या बायका आणि मंजूर करणारे सगळे पुरुष. ताई, तुमच्याच गोष्टीत मनाई पुरुषांनी घातली, उठवलीही पुरुषांनीच, आणि मधली वर्षं किती बायकांच्या जिवावर बेतली असतील? धर्मगुरूपद बाईला देण्याचा अधिकारच चर्चला नाही, असं तुमच्या पोपनी १९९४ मध्ये लिहून ठेवलं. मग परस्पर अधीनता नवराबायकोत, आणि वेदीपाशी?

सदरची लेक
दादा, तुमचा प्रश्न मलाही टोचतो. धर्मगुरूपदाबाबत मी चर्चची शिकवण मानते, पण जी जागा त्या पदाला बांधलेली नाही ती पुरुषांकडेच का राहावी, हे विचारायचं सोडणार नाही. २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही पदं स्त्रियांना रीतसर खुली झाली. २०२३ च्या सिनडमध्ये (रोममधल्या धर्मसभेत) स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिलं. जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिला व्हॅटिकनच्या एका खात्याच्या प्रमुख झाल्या, असं पद मिळालेली पहिली स्त्री. पॅरिशच्या आर्थिक समितीवर बाई बसू नये असा कुठला नियम नाही. आपल्याकडे मात्र बाईला फुलांची आरास आणि सणाचा स्वयंपाक, हिशेबाची वही पुरुषांकडे.

इंदोऱ्यातून
आर्थिक समिती सल्ला देते, ठरवतात फादर. सल्ल्याला मी सत्ता म्हणत नाही.

मोहननगरचे काका
सत्ता म्हणून पाहिलंत तर चर्च कळणारच नाही, दादा. धर्मगुरूपद हा कुणाचाच हक्क नाही, पुरुषाचाही नाही. यावर आपलं जमायचं नाही.

जरीपटक्याच्या ताई, तुमचं मात्र मनाला लागलं. परिपत्र संयम दोघांकडून मागतं आणि आम्ही तक्ता मुलीच्या हाती देऊन मोकळे होतो. पुढच्या कोर्सच्या आखणीला तुम्ही या. नवऱ्या मुलांचं सत्र वेगळं घेऊ: दारू, पगार, रात्रीचं उठणं, सगळं. कामठीच्या पोरालाही आणा. सदरच्या लेकी, तूही ये.

जरीपटक्याची आई
रात्रपाळी नसेल त्या दिवशी ठेवा. आणि माझा प्रश्न नवऱ्या मुलांच्या सत्रानं सुटत नाही, काका. चौथ्या खेपेच्या बाईचं लग्न होऊन दहा वर्षं झालीत.

सदरची लेक
येते. मस्तकाचा मुद्दा मला पटलेला नाही, तो तिथंही मांडेन. आणि २१ वं वचन बहीण वाचेल.