नल असू शकणाऱ्या लिस्टवर लूप कसा चालवावा?

प्रश्न

जावामध्ये एपीआयकडून (सर्व्हरकडून) येणाऱ्या जेसनवरून, म्हणजे नाव-व्हॅल्यूच्या जोड्यांच्या मजकुरावरून, ऑर्डरचा ऑब्जेक्ट बनतो. त्यातली आयटम्सची लिस्ट कधी भरलेली येते, कधी रिकामी, कधी चक्क नल (म्हणजे काहीच नाही). नल असली की फॉर-ईचच्या (एकेक घटक घेणाऱ्या लूपच्या) ओळीवर नलपॉइंटर एक्सेप्शन येतं. रिकामी लिस्ट चालते, मग नल का नाही? फील्डला सुरुवातीलाच नवी ॲरेलिस्ट देऊन ठेवली आहे, तरी नल येतेच. प्रत्येक लूपआधी इफ लिहायचं का?

प्रतिसाद १

रिकामी लिस्ट हा खराखुरा ऑब्जेक्ट असतो, नल म्हणजे ऑब्जेक्टच नाही. फॉर-ईच लिहिलं की कंपायलर आतून लिस्टची इटरेटर ही मेथड बोलावणारा कोड घालतो. बोलवायला समोर कुणी नाही, म्हणून पहिल्या फेरीआधीच एक्सेप्शन.

एकाच ठिकाणी अडचण असेल तर ऑब्जेक्ट्स क्लासमधली रिक्वायर-नॉननल-एल्स वापरा (जावा ९ पासून आहे). तिला पहिली तुमची लिस्ट द्या, दुसरी रिकामी लिस्ट; पहिली नल असेल तर दुसरी मिळते. ही रिकामी लिस्ट कलेक्शन्सच्या एम्प्टीलिस्टमधून घेतलीत तर ती फक्त वाचण्यापुरती, हे विसरू नका. पुढे कुणी तिच्यात ॲड केलं की अनसपोर्टेड-ऑपरेशन एक्सेप्शन येईल.

प्रतिसाद २

लूपपाशी उपाय करू नका, नल जिथून आत येते तिथेच अडवा. नाहीतर दहा लूपांत दहा इफ होतात आणि अकराव्यात राहून जातो.

फील्डला दिलेली ॲरेलिस्ट का टिकत नाही? जेसनमध्ये आयटम्स हे नावच नसेल तर जॅक्सन (जेसनवरून जावाचे ऑब्जेक्ट बनवणारी लायब्ररी; तुम्ही तीच वापरत असाल असं धरतो) त्या फील्डला हात लावत नाही, तुमची लिस्ट राहते. पण नाव आहे आणि त्याची व्हॅल्यू नल आहे, तर तो नल नेऊन त्यावर लिहितो. जॅक्सन २.९ पासून फील्डवर जेसनसेटर ॲनोटेशन लावून नल्सला ॲज-एम्प्टी देता येतं. सुरुवातीची ॲरेलिस्ट मात्र काढू नका: नाव गाळलेलं असेल तेव्हा तीच कामाला येते. ॲनोटेशन नको असेल तर सेटरमध्ये नल तपासून रिकामी लिस्ट ठेवा.

सर्व्हर गो भाषेतला असेल तर मूळही बहुधा सापडेल. गोमध्ये निल (तिथला नल) स्लाइसवर, म्हणजे तिथल्या लिस्टवर, रेंजचा लूप बिनतक्रार चालतो, पण जेसन बनवताना त्या स्लाइसचं नल होतं. मेक वापरून शून्य लांबीची स्लाइस बनवली की रिकामे चौकोनी कंस जातात.

प्रश्नकर्ता

ॲनोटेशनने काम झालं. हेच जेसन जावास्क्रिप्टमध्येही वाचलं जातं, तिथे फंक्शनच्या पॅरामीटरला डिफॉल्ट म्हणून रिकामा ॲरे दिला तर पुरेल?

प्रतिसाद २

नाही. डिफॉल्ट फक्त अनडिफाइन्डला (व्हॅल्यू दिलेलीच नसते तेव्हा) लागू होतो, नलला नाही. फॉर-ऑफ या तिथल्या लूपमध्ये लिस्टच्या नावापुढे दोन प्रश्नचिन्हं आणि रिकामा ॲरे लिहा. प्रश्नचिन्ह-टिंब वापरून फॉर-ऑफमधली चूक टळत नाही, कारण त्यातून अनडिफाइन्ड निघतं आणि त्यावर लूप फिरत नाही. ॲरेच्या फॉर-ईच मेथडला मात्र प्रश्नचिन्ह-टिंब चालतं.

प्रतिसाद ३

सगळं रिकामं करून टाकण्याआधी सर्व्हरवाल्यांना नलचा अर्थ विचारा. ‘आयटम नाहीत’ असा असेल तर वरचं बरोबर. पण ‘आयटम अजून आणलेलेच नाहीत’ असा असेल, तर एकूण रक्कम शून्य दिसेल आणि कुठलंही एक्सेप्शन येणार नाही. ही चूक शोधायला फार जड. अशा वेळी ती ऑर्डर तिथेच नाकारा, संदेशात तिचा क्रमांक द्या.

आणि लिस्टच्या आत एखादा घटक नल असू शकतो, तो यातल्या कशानेच जात नाही. त्यासाठी जावात लिस्टच्या स्ट्रीमवर फिल्टरला ऑब्जेक्ट्स क्लासची नॉननल मेथड देता येते.