मशेरी सोडली आणि आईच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, काय करू?

नमस्कार. तासगावजवळच्या गावातून लिहितोय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

आई ६१ वर्षांची. पस्तीस वर्षं मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळी, दुपारी डबीच्या झाकणात घेऊन बोटानं घासत बसायची. आठ वर्षांपासून शुगर आहे. दिवाळीत नात म्हणाली, "आज्जी, तुझ्या तोंडाचा वास येतो." ते आईच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच डबी उकिरड्यावर टाकली. आम्हा सगळ्यांना केवढं बरं वाटलं.

पण पंधरा-वीस दिवसांत हिरड्यांतून रक्त सुरू झालं. भाकरीचा तुकडा चावला की चावल्या कडेला गुलाबी डाग दिसतो. आता तिचं एकच म्हणणं, "मशेरी हुती तवर रगताचा थेंब नव्हता. सोडली आन् दात हलाय लागलं." गल्लीतल्या बायकाही तेच म्हणतात.

हळद-मीठ लावून झालं. मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या, रक्त थांबलं, आठवड्यात परत आलं. शेवटी सांगलीला दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि दाताच्या मध्ये घालून एकेक दात मोजला. मदतनीस मुलगी आकडे लिहीत होती. तीन, पाच, सहा, सहा. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढं पॉकेट, म्हणजे दातापासून सुटलेल्या हिरडीखालची खोल खाच, असं त्यांनी सांगितलं. खालच्या पुढच्या दातांमागं कीट इतकं साचलंय की दातांमधली फट दिसत नाही. एक्स-रेत दातांना धरून ठेवणारं हाडही उतरलेलं दिसलं. डीप क्लीनिंग, म्हणजे हिरडीखालचं कीटही खरवडून काढायला हवं म्हणाले, तशी आई खुर्चीतून उठूनच आली. भावकीतल्या एका काकूंनी दात साफ करून घेतले आणि वर्षभरात चार दात पडले, ते तिच्या डोक्यात बसलंय.

तिला रोज थोडी मशेरी देऊन हळूहळू सोडवावी का? जंतूच आहेत तर गोळीनं मरत का नाहीत? आणि तीन महिन्यांची शुगर ८.६ आहे, ती आधी खाली आणावी की दात आधी? जाणकारांनी कृपया सांगा. परवा तिनं शेजारणीकडं चिमूटभर मागितली, म्हणून घाई आहे.

प्रतिसाद १
मिरजेत दातांची प्रॅक्टिस करतो. मशेरी पुन्हा अजिबात देऊ नका. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या बाबतीत हे चांगलं अभ्यासलेलं आहे. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि व्यसन सुटल्यावर काही आठवड्यांत ते वाढतं. निकोटिन मशेरीतही आहेच. आईंचा आजार आत्ता सुरू झालेला नाही. एक्स-रेत दिसलेलं हाड महिन्याभरात उतरत नाही, त्याला वर्षं लागतात. इतके दिवस रक्त दिसत नव्हतं, एवढंच.

गोळीचं विचारलंत. दातावर जंतू सुटे नसतात, चिकट थरात एकमेकांना धरून राहतात. या थरात औषध नीट शिरत नाही. तोच थर लाळेतल्या क्षारांनी कडक झाला की कीट होतं, ते ब्रशनं निघत नाही. पॉकेट खोल झालं की तिथं हवा कमी पोचते आणि हवा न मानवणाऱ्या जंतूंचं फावतं. त्यातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस रक्तातल्या लोहावर पोसतो, म्हणजे सुजलेली, रक्त येणारी हिरडी त्याला हवीच असते. चूळ भरायचं औषधही तेवढं खोल जात नाही. म्हणून हातानं खरवडूनच काढावं लागतं.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड ल्यो यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं होतं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, घासणं सुरू केल्यावर पुन्हा बऱ्या झाल्या. हाड मात्र एकदा गेलं की तसं परत येत नाही. म्हणून लांबवू नका.

काकूंचे दात साफ केल्यानं पडले नसावेत. हाड आधीच गेलेलं असतं, कीट दातांना एकमेकांत जखडून ठेवतं. ते निघालं की मूळची ढिलाई कळते. सूज उतरल्यावर फटी दिसतील आणि काही आठवडे गार पाणी झोंबेल, हे आईंना आधीच सांगून ठेवा. नंतर कळलं तर विश्वास उडतो.

शुगरसाठी थांबायची गरज सहसा नसते. हिरड्यांची सूज शुगर वाढवते आणि वाढलेली शुगर हिरड्या बिघडवते. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा सरासरी ०.४ च्या आसपास उतरतो. सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि गोळी चुकवू नका. बीपीची गोळी आहे का? अ‍ॅम्लोडिपिननं काहींच्या हिरड्या फुगतात. असेल तर डॉक्टरांना सांगा, पण मनानं बंद करू नका.

प्रतिसाद २
माझ्या सासूबाईंचं कऱ्हाडला केलं. एका वेळी एकच बाजू, बधीर करून. संध्याकाळी मऊ भात खाल्ला. आईंना आरशात खालच्या दातांमागचं कीट दाखवा, आमच्याकडं त्यानंच काम झालं.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. काल मोबाईलची बॅटरी लावून आरशात दाखवलं. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "हे दगडावाणी माज्या तोंडात हाय व्हय?" गुरुवारी सकाळी नऊची वेळ घेतलीय. फक्त खालची उजवी बाजू करायची, दुखलं तर परत यायचं, या अटीवर तयार झालीय. बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिनच निघाली, चिठ्ठी सोबत नेतो. एकच राहिलं. फटींत घालायचा बारीक ब्रश गुरुवारनंतर लगेच वापरायचा, की जखम भरेपर्यंत थांबायचं?