ताप आहे, अंगावर पुरळ नाही पण गालाच्या आत पांढरे ठिपके?

चिऊची_आई:
मुलगी चार वर्षांची, परवापासून सणकून ताप, नाक गळतंय, कोरडा खोकला आणि डोळे इतके लाल की उजेड नको म्हणते. आज मोबाईलचा टॉर्च लावून तोंडात बघितलं तर गालाच्या आत दाढांजवळ बारीक पांढरे ठिपके दिसले. अंगावर एकही पुरळ नाही. सगळे म्हणतात तोंड आलंय, जेल लाव. लावू का?

वॉर्ड_सिस्टर:
ताई, जेल राहू दे, आजच बालरोगतज्ज्ञांना दाखव. ठिपके मिठाच्या कणांएवढे आणि भोवती लाल असेल तर गोवरची शंका येते. याला कॉपलिक स्पॉट म्हणतात, कॉपलिक नावाच्या डॉक्टरांनी १८९६ मध्ये याचं वर्णन केलं. अंगावर पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधी हे दिसतात आणि पुरळ आलं की लवकरच जातात, म्हणून बऱ्याचदा कुणाच्या लक्षातच येत नाहीत. पुरळ आधी कानामागे, कपाळावर येतं मग खाली उतरतं. ठिपके खरवडून बघू नकोस.

निघायच्या आधी क्लिनिकला फोन कर बरं का, गोवरचा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो आणि वेटिंगमध्ये तान्ही बाळं, गरोदर बायका बसलेल्या असतात. लस झालीये का? व्हिटॅमिन ए डॉक्टर वयाप्रमाणे देतील, आपल्या मनाने नको.

दोन_पोरांचा_बाबा:
आमच्या धाकट्याच्या टाळूवर आणि जिभेवर फोड होते, मग तळहात-तळपायावर आले, ते हॅन्ड फूट माउथ निघालं. तोंडातलं सगळंच गोवर नसतं, नेमकं कुठे आहे ते बघा.

वॉर्ड_सिस्टर:
बरोबर. आणि ताप पाच दिवस उतरतच नाही, ओठ लालभडक फुटलेत, जीभ लाल खरखरीत झालीये, असं असेल तर कावासाकी आजाराचा विचार करावा लागतो, त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका असतो म्हणून उशीर परवडत नाही. नवीन औषध सुरू केल्यावर तोंड, डोळे आणि लघवीची जागा सोलवटली तर सरळ इमर्जन्सीत जायचं.

चिऊची_आई:
एकच डोस झालाय, दुसरा राहिला होता. क्लिनिकला फोन केला, मागच्या दाराने या म्हणाले, निघतोय. घरात सात महिन्यांचा भाचा आहे, त्याचं काय करू?

वॉर्ड_सिस्टर:
लगेच वेगळ्या खोलीत ठेव आणि त्याच डॉक्टरांना त्याचंही विचार. संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस दिली तर काही वेळा आजार टळतो, त्याच्या वयाला द्यायची का ते तेच ठरवतील.