देणगीचा पत्ता दिसला की वॉलेट काढून टाकायचं?

खटाटोप (धागाकर्ता)

रोखठोक यांनी परवा लिहिलं: ‘ज्या वॉलेटच्या पानावर देणगीचा पत्ता दिसतो, ते मी त्याच दिवशी काढून टाकतो. काम चांगलं असेल तर फी लावा, जमत नसेल तर बंद करा. हात पसरणाऱ्याच्या भरवशावर मी माझी नाणी ठेवणार नाही.’ खाली सहमतीची रांग लागली. दोन दिवस गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा.

मी सहा वर्षं एका छोट्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, क्रिप्टो वॉलेटचं काम बघतोय. नाव सांगत नाही, जाहिरात केली म्हणाल. नोकरी वेगळी आहे. हे रात्री आणि सुट्टीच्या दिवशी.

आमच्याकडे रिलीजच्या आधी तिघं जण आपापल्या मशीनवर एकाच कोडमधून बिल्ड करतात (चालणारी फाइल बनवतात) आणि तिन्ही फाइलींचे हॅश, म्हणजे फाइलींचे बोटांचे ठसे म्हणा, जुळवतात. जुळले तरच फाइलीवर डिजिटल सही होते, ती आमचीच आहे याची खूण म्हणून. मागच्या वेळी माझा आणि एकीचा जुळला, तिसऱ्याचा नाही. आता त्याच्या मशीनमध्ये कोणी घुसलंय, की काहीतरी फुटकळ आहे? दोन रात्री फाइली शेजारी शेजारी उघडून बघत बसलो. निघालं काय, तर त्याच्या मशीनवर पॅकेजमध्ये फाइली वेगळ्या क्रमाने भरल्या जात होत्या. दुरुस्ती एका ओळीची. त्या दोन रात्रींचे पैसे कोणी देत नाही आणि रिलीज नोटमध्ये त्याचा उल्लेखही येत नाही.

डार्क थीमसाठी पैसे मागितले, दीड दिवसात जमले. बाहेरून घेतलेली पॅकेजेस (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) एकेक करून तपासायला मागितले, चार महिन्यांत दहावा हिस्सा आला. माझं म्हणणं एवढंच आहे: डोळ्यांना दिसतं त्याला लोक पैसे देतात. विश्वास ज्यावर उभा आहे ते काम मेंटेनरच्या, म्हणजे कोड सांभाळणाऱ्याच्या, झोपेतून वजा होतं.

2018 चं इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजचं प्रकरण आठवा. मूळ लेखकाला त्या पॅकेजमधून एक पैसा मिळत नव्हता, तो स्वतः ते वापरतही नव्हता. एका अनोळखी माणसाने मेल केला, ‘मी सांभाळतो’, आणि याने देऊन टाकलं. त्या माणसाने ओढून आणलेला कोड बाकी सगळीकडे निपचित पडून राहायचा आणि फक्त कोपे वॉलेटच्या बिल्डमध्ये जागा व्हायचा. 100 बिटकॉइनहून जास्त शिल्लक असलेल्या खात्यांच्या चाव्या उचलायला. कोपेच्या 5.0.2 ते 5.1.0 या आवृत्त्यांमध्ये तो पोचला होता. नंतर त्या लेखकाला शिव्या घालायला सगळे हजर. त्याआधी एकाने तरी विचारलं होतं का, की बाबा, तुला हे झेपतंय का?

रोखठोक

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तर देणं भाग आहे.

तुमच्या कष्टांबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न सरळ आहे: देणगी घेणारा मला बांधील आहे का? नाही. फी घेणारा आहे. त्याचं वॉलेट फुटलं तर त्याचं उत्पन्न थांबतं. मेटामास्क वॉलेट स्वॅपवर (एक नाणं देऊन दुसरं घेण्यावर) 0.875 टक्के घेतं, लोक कुरकुर न करता देतात, आणि त्यातून पगारी माणसं काम करतात.

आणि लोकवर्गणीच्या गोष्टी मला सांगू नका. मोनेरो या नाण्याच्या कम्युनिटी क्राउडफंडिंगचं काय झालं? 1 सप्टेंबर 2023 ला त्यांच्या वॉलेटमधून 2,675.73 मोनेरो गेले, नऊ व्यवहारांत. त्या वेळच्या भावाने सुमारे 4 लाख 60 हजार डॉलर. जाहीर कधी झालं? 2 नोव्हेंबरला. दोन महिने! सीड, म्हणजे वॉलेट उघडणारी गुप्त शब्दांची यादी, दोघांकडे होती. जगातले सगळ्यात सावध म्हणवणारे लोक हे. डेव्हलपरांसाठी लोकांनी विश्वासाने टाकलेला पैसा ज्यांना सांभाळता आला नाही, त्यांच्या प्रारूपाचं कौतुक मी करणार नाही.

खटाटोप

मोनेरोबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे, ते मान्य करतो, मनाविरुद्ध का होईना. एकच सीड दोघांकडे ठेवणं चूक होतं. एवढा पैसा पहिल्या दिवसापासून मल्टिसिगमध्ये, म्हणजे एकाहून जास्त सह्या लागणाऱ्या वॉलेटमध्ये, हवा होता. पण ती तिजोरीची चूक. त्यावरून लोकवर्गणीच वाईट कशी ठरते? त्यांची पद्धत बघा: प्रस्ताव उघड्यावर येतो, लोक त्याची चिरफाड करतात, मग पैसे जमतात, आणि टप्पा पुरा झाल्याशिवाय डेव्हलपरच्या हातात काही पडत नाही. चोरी झाल्यावरही ज्यांचं काम चालू होतं त्यांचं देणं जनरल फंडातून भागवायचं ठरलं. कोणती फीवाली कंपनी आपलं काम असं उघड्यावर दाखवते?

आणि फीचं म्हणाल, तर वसाबी वॉलेट बघा. कॉइनजॉइनवर (अनेकांची नाणी एकाच व्यवहारात मिसळण्यावर) 0.3 टक्के कोऑर्डिनेटर फी होती; कोऑर्डिनेटर म्हणजे हे मिसळणं जुळवून आणणारा सर्व्हर. मार्च 2022 मध्ये त्याच कंपनीने जाहीर केलं की काही नाणी आम्ही आमच्या कोऑर्डिनेटरमधून नाकारणार. 1 जून 2024 ला तो कोऑर्डिनेटर बंदच केला. फी घ्यायची तर मधे कोणीतरी बसावं लागतं, आणि जो मधे बसतो त्याची मानगूट धरता येते. तुमच्या मेटामास्कनेही ऑगस्ट 2020 मध्ये एमआयटी हे मोकळं लायसन्स सोडून महिन्याला 10,000 पेक्षा जास्त वापरकर्ते असलेल्यांसाठी वेगळा करार सक्तीचा केला. फी आली की कोडवर कुंपण येतं.

मीरा_द

तुम्ही दोघं देणगी-फी खेळताय, माझं जे गेलं ते सांगते.

एका ओपन सोर्स वॉलेटमध्ये तीन वर्षांची बचत होती. पैसे पाठवायला गेले तर पडद्यावर संदेश आला, ‘आवृत्ती जुनी आहे, इथून अपडेट करा’. संदेश वॉलेटच्याच खिडकीत, त्याच अक्षरांत. मी अपडेट केलं. नवीन वॉलेट उघडलं, पासवर्ड टाकला, आणि शिल्लक माझ्या डोळ्यांदेखत शून्य झाली. मी बराच वेळ रिफ्रेश दाबत बसले होते, की नेटचा गोंधळ असेल.

मदतीच्या चॅनेलवर लिहिलं. पहिलं उत्तर काय आलं? ‘सही तपासली नव्हती का?’ दुसरं: ‘सॉफ्टवेअर जसं आहे तसं दिलेलं आहे, लायसन्स वाचा.’ तिसरं उत्तर आलंच नाही. मी त्या वॉलेटला दोनदा देणगी दिली होती. त्यामुळे विश्वासाबद्दल मला शिकवू नका.

साशंक

मीराताई, वाईट झालं. पण सही तपासली नव्हती हे तर खरं ना? डिसेंबर 2018 मध्ये इलेक्ट्रम वॉलेटच्या वापरकर्त्यांशी हेच झालं. खोट्या सर्व्हरांनी एररच्या जागी खोट्या अपडेटची लिंक दाखवली. ज्यांनी सही तपासली ते वाचले. स्वतःची बँक स्वतः व्हायचं म्हणता, तर बँकेचं काम पण करा. दहा मिनिटं लागतात.

उलट उदाहरण देतो. नोव्हेंबर 2019 मध्ये मोनेरोच्या अधिकृत साइटवरचीच फाइल कोणीतरी बदलली होती. कळलं कसं? एका साध्या वापरकर्त्याने हॅश ताडून बघितला, जुळला नाही, त्याने ओरड केली. पगारी सुरक्षा टीम नाही, एक माणूस.

मीरा_द

दहा मिनिटं कोणाला? तुम्हाला. मी तुमच्या शब्दाखातर काल बसून केलं. आधी एक वेगळं सॉफ्टवेअर उतरवा. मग डेव्हलपरची की (सही ज्याने पडताळायची ती किल्ली) आणा. ती की खरी आहे हे कशावरून? तर त्याच साइटवर लिहिलंय म्हणून! मग तपासल्यावर उत्तर येतं ‘गुड सिग्नेचर’ आणि खाली लगेच इशारा, की ही सही खरोखर त्याच माणसाची आहे याचा काही पुरावा नाही. आता मी घाबरायचं की खूश व्हायचं? सव्वा तास गेला.

आणि इलेक्ट्रमचा दाखला देताय, तर पूर्ण द्या. कोणत्याही अनोळखी सर्व्हरने पाठवलेला मजकूर वॉलेट आपल्याच खिडकीत, लिंकसकट दाखवत होतं. ती खिडकी मी बनवली होती का?

साशंक

की दोन-तीन वेगळ्या ठिकाणांहून ताडायची असते. हे सगळीकडे लिहिलेलं आहे.

मीरा_द

‘सगळीकडे लिहिलेलं आहे’ हे वाक्य ज्याने शोधून काढलं त्याला माझ्यासमोर आणा. माझे पैसे गेले त्या दिवशीही मला हेच ऐकवलं होतं.

बोरूवाली

लिहिलेलं कुठे आहे, ते मी सांगते, कारण ते मी लिहिते. तीन वॉलेटांची कागदपत्रं मी चार वर्षं लिहिली. एका प्रकल्पात प्रत्येक कोड बदलाला बक्षीस होतं; कागदपत्रांना ‘धन्यवाद’. सही तपासायचं पान मी दोनदा नव्याने लिहून पाठवलं, प्रत्येक पडद्याच्या चित्रासकट. सात महिने ते तसंच पडून राहिलं, कारण बघायला कोणाला वेळ नाही. मग एकाने इंटरफेस बदलला आणि माझी सगळी चित्रं जुनी झाली. मी सोडून दिलं.

मीरा म्हणते तो सव्वा तास हा तिचा अडाणीपणा नव्हे. ते पान कोणीही सांभाळत नाही म्हणून तो सव्वा तास लागतो. खटाटोप, तुमच्या यादीत रिव्ह्यू आहे, बिल्ड आहे. लिहिणारी माणसं तुमच्याही यादीत नाहीत.

खटाटोप

नाहीत. हे मला सुचायला हवं होतं.

गणिती

अवांतर वाढत चाललंय, पण त्यात एक मोठं भोक आहे. तुम्ही सगळे धरून चाललाय की हॅश जुळला, सही जुळली, म्हणजे झालं. सही एवढंच सांगते की फाइल त्यांचीच आहे. ती चांगली आहे हे सांगत नाही.

2023 चं मिल्क सॅड प्रकरण. लिबबिटकॉइन एक्सप्लोरर या साधनातल्या सीड बनवणाऱ्या कमांडला यादृच्छिकता फक्त 32 बिटांची होती. आकडे काढायला मर्सेन ट्विस्टर हे सूत्र, आणि तो घड्याळावरून सुरू केलेला. 32 बिट म्हणजे सुमारे 430 कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड, पण साध्या संगणकाला त्या सगळ्या चाचपून बघता येतात. घड्याळ शून्यावर धरलं की येणाऱ्या सीडचे पहिले दोन शब्द ‘मिल्क सॅड’, म्हणून ते नाव. जुलै 2023 मध्ये लोकांची वॉलेटं रिकामी झाली तेव्हा संशोधकांनी माग काढला. कोड खुला होता. वर्षानुवर्षं खुला होता. कोणीही बघू शकत होतं, म्हणून कोणीच बघितलं नाही.

साशंक, तुम्ही त्या फाइलीचा हॅश शंभर वेळा ताडला असतात तरी तो शंभर वेळा जुळला असता.

साशंक

हे मान्य करावं लागतंय. पण म्हणून सही तपासणं सोडा असं कोणी म्हणू नये.

मीरा_द

कोणी म्हणालंच नाही. तुम्ही मला ‘दहा मिनिटं’ म्हणालात, ते मागे घ्या.

साशंक

सव्वा तास. घेतलं मागे.

रोखठोक

गणिती यांनी माझंच काम केलं. कोणीच बघत नाही, कारण बघणं कोणाची नोकरी नाही. पगारी माणूस ठेवा, तो बघेल. देणगीने सगळं सुटतं हा भाबडेपणा आहे. 2024 चं एक्सझेड या ओपन सोर्स पॅकेजचं प्रकरण आठवा. त्यात चोरदरवाजा बसवणाऱ्या माणसाने आधी दोन वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला होता. तुम्ही पैसे वाटले असते तर पहिला चेक त्यालाच गेला असता!

खटाटोप

हा टोला चांगला आहे आणि मला झोंबला. खरंच, पहिला चेक त्याला गेला असता.

पण त्या माणसाला आत शिरायला जागा कशी मिळाली? मूळ मेंटेनर एकटा होता, थकलेला होता, आपली मानसिक तब्येत बरी नाही हे त्याने 2022 मध्ये मेलिंग लिस्टवर लिहिलं होतं. त्याला मदत देऊ केली का कोणी? ‘काम हळू चाललंय, दुसऱ्याला द्या’ म्हणून दबाव आणणाऱ्या मेल आल्या. शेवटी तो चोरदरवाजा सापडला तोही एका माणसाला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून.

माझ्याकडेही अशी एक मेल आलेली आहे. गोड भाषेत, ‘तुम्ही खूप करता, थोडा भार मला द्या, रिलीजची परवानगी दिली तर सोपं जाईल’. ज्या आठवड्यात आली तेव्हा मी आजारी माणसाच्या उशाशी बसून फोनवर बग वाचत होतो. मी ‘हो’ टाइप केलं होतं. पाठवलं नाही, कारण फोनची बॅटरी गेली. दुसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर होतं. रोखठोक, तुमची नाणी त्या रात्री एका बॅटरीवर टिकली असतील, आणि तुम्ही मला हात पसरणारा म्हणता.

रोखठोक

‘हात पसरणारा’ हा शब्द मागे घेतो. तुमच्यासाठी तरी.

पण डोळे मिटून देणगी देणार नाही, हे कायम. अमुक पॅकेज अमुक माणसाने तपासलं, आणि त्याने काय बघितलं, हे उघड्यावर असेल तर त्या तपासणाऱ्याला मी पैसे देईन. थीम, आयकॉन, कशाला एक छदाम नाही. लिहिणाऱ्या बाईंनाही देईन, पान खरंच साइटवर लागलं तर.

बोरूवाली

पान लागण्याच्या आधी लिहावं लागतं, साहेब. तुमचा टप्पा उलटा आहे.

रोखठोक

बरं, निम्मे आधी. आणि खटाटोप, तो तिघांचा बिल्ड तुम्ही म्हणालात, तो मला करून बघायचाय. पायऱ्या पाठवा.

खटाटोप

पायऱ्या रेपोतच, म्हणजे कोड ठेवलाय तिथेच, आहेत, पण आता उघडून बघितलं तर तिसरी पायरी जुनी झालीय. त्यात दिलेली कंपायलरची (कोडमधून फाइल बनवणाऱ्या साधनाची) आवृत्ती आता मिळत नाही. आज रात्री दुरुस्त करतो. मीराताई, तुम्ही पण बसाल का? जिथे अडाल तिथली ओळ तशीच मला पाठवा, सव्वा तासाच्या हिशेबासकट.

मीरा_द

बसते. पण त्या मशीनवर माझं एकही नाणं ठेवणार नाही.