दोन वर्षं एकच प्रार्थना, आता थांबू का?

चोपड्याहून लिहितोय. धाकट्याची दारू सुटावी म्हणून दोन वर्षं पहाटे, केळीला पाणी सोडायच्या आधी, गुडघे टेकतो. परवा त्याने दारूपायी मोटरीचं स्टार्टर विकलं. आता तोंडातून शब्दच फुटत नाही.

उत्तर १: दादा, बायबलमधलं लूक 18 काढा, विधवेचा दाखला. त्या विधवेकडे ना पैसा ना वशिला. नुसत्या खेपा घालून अन्यायी न्यायाधीशाला जेरीस आणलं, न्याय मिळवला. अन् देव काही तसला न्यायाधीश नाही.

उत्तर २ (भुसावळ): बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याने पावसासाठी प्रार्थना करताना कर्मेल डोंगरावर चाकराला ढग दिसतो का पाहायला सात वेळा पाठवलं. सहा वेळा "काही नाही". सातव्यांदा हाताएवढा ढग. शब्द नसतील तर नुसते बसा भाऊ, रोमकरांस 8:26 आहेच, आपल्याला शब्द सुचत नाहीत तेव्हा पवित्र आत्मा आपल्यासाठी विनंती करतो. आणि त्याला व्यसनमुक्ती केंद्रात न्या, तेही प्रार्थनेतच धरा.

प्रश्नकर्ता: आज बसलो. स्टार्टर शेजारच्याकडून उसनं आणलंय.